नाळेतले रक्त: पेढीत की बाळाच्या अंगात?

बाळंतपणाची तारीख जवळ आली की शहरांतील अनेक जोडप्यांना एक फोन येतो. बाळाच्या नाळेतले रक्त साठवा, पुढे गंभीर आजार झाला तर तेच कामी येईल, असे सांगितले जाते. सोबत हप्त्यांची सोय आणि ‘जैविक विमा’ असा भारदस्त शब्द. बाळाच्या भवितव्याचा प्रश्न म्हटल्यावर नाही म्हणणे जड जाते. म्हणूनच या रक्तात नेमके काय असते, हे समजून घ्यायला हवे.

रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे शरीराला सतत नव्या पेशी घडवाव्या लागतात. हा कारखाना हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत असतो आणि तो चालवतात रक्ताच्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल्स. गर्भात मात्र हे काम बराच काळ यकृत करते, नंतर ते अस्थिमज्जेकडे जाते. हा मुक्काम हलवताना मूळपेशी रक्तप्रवाहातूनच प्रवास करतात. म्हणून जन्मावेळी नाळेच्या रक्तात त्या भरपूर सापडतात. शिरेतून दिल्या तरी त्या अभिसरणातून वाट काढत मज्जेत पोहोचतात आणि तिथे रुजतात. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये नाळरक्ताचे पहिले प्रत्यारोपण झाले ते याच आधारावर.

पण त्या मुलाला दिलेले रक्त त्याचे स्वतःचे नव्हते, नवजात बहिणीचे होते. खरी मेख इथेच आहे. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या मुलाच्या नाळरक्तात तोच जनुकीय दोष असतो. रक्ताच्या कर्करोगातही रोगाची बीजे जन्मतःच त्या पेशींत असू शकतात. शिवाय एका नाळेतून मिळणाऱ्या पेशी मोठ्या माणसासाठी बहुधा अपुऱ्या पडतात. स्वमग्नता, मधुमेह, मेंदूचा पक्षाघात यांवर या पेशी सिद्ध झालेला उपचार नाहीत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पुढे स्वतःच्या वापरासाठी नाळरक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. अपवाद एक: घरातील मोठ्या मुलाला या पेशींनी बरा होऊ शकणारा आजार असेल, तर येणाऱ्या भावंडाचे रक्त जरूर साठवावे.

जाहिरातीत न येणारी बाब वेगळीच आहे. नाळ आणि वार यांतले रक्त हे टाकाऊ नसून बाळाच्याच अभिसरणाचा भाग असते. जन्मानंतर नाळ लगेच न कापता थोडे थांबले, तर त्यातले बरेचसे रक्त बाळाकडे जाते आणि पुढील काही महिन्यांसाठी लोहाचा साठा वाढतो. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबण्याची शिफारस करते. पेढीसाठी जास्त रक्त हवे असेल, तर या थांबण्यावर गदा येऊ शकते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६७ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. अशा देशात दूरच्या शक्यतेपेक्षा आजचे लोह मोलाचे. तेव्हा करारावर सही करण्याआधी जोडप्याने प्रसूतितज्ज्ञांना दोन प्रश्न विचारावेत: आमच्या घरात याची खरोखर गरज आहे का? आणि नाळ कापायला किती वेळ थांबणार? दुसऱ्या प्रश्नाला एक रुपयाही लागत नाही.