पंप थांबला तर कळणार कसं?
गच्चीवरच्या टाकीत मासे आणि त्यांच्याच पाण्यावर शेजारी खडीच्या वाफ्यात पालक, पुदिना, असा अ‍ॅक्वापोनिक्सचा संसार मांडणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पहिला सेन्सर पीएचचा घेऊ नका, पंप बंद पडल्याचं सांगणारा घ्या. माशांकडून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचं जिवाणू आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात आणि रोपं ते शोषून घेतात. हे चक्र बिघडायला बहुधा काही दिवस लागतात. पण पाणी थांबलं की प्राणवायू कमी पडून दाटीतले मासे काही तासांतच पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागतात. उन्हाळ्यात तर फारच सांभाळावं लागतं, कारण २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५. म्हणून पंपाच्या नळीवर फ्लो सेन्सर, टाकीच्या पातळीसाठी फ्लोट स्विच आणि पाण्यात डीएस१८बी२० हा तापमापक (त्याच्या डेटाच्या वायरला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका) ईएसपी३२ बोर्डाला जोडा, सोबत मोठ्या आवाजाचा बझर. बोर्डाला बॅटरी हवीच, नाहीतर वीज गेली की पंपाबरोबर पहाराही जातो. मोबाइलवरच्या संदेशावर विसंबू नका. घरातला राउटरही त्याच विजेवर चालतो. पीएचचा प्रोब सवडीनं घ्या, मात्र ४ आणि ७च्या बफर द्रावणात तो अधूनमधून तपासत राहा, कारण त्याचं माप हळूहळू सरकतं. अमोनियासाठी थेंब टाकून रंग पाहायचं किट पुरे. आणि फ्लो सेन्सरच्या आधी जाळी लावा, सेन्सरमध्ये गाळ फार लवकर अडकतो.