दातातली कीड आणि दाताच्या रंगाचे सिमेंट

आपल्या सीमाभागातल्या घरांत मराठी आणि कानडी माणसांचे एका गोष्टीवर पूर्ण एकमत असते. आपण म्हणतो, "दाताला कीड लागली." कानडीत म्हणतात, "हुळुकु हल्लु". 'हुळ' म्हणजे किडाच! प्रत्यक्षात दातात किडा नसतो. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ अन्नाचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते, हे डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्येच मांडले. पण शब्द मनात घर करतात. किडा म्हटले की दात उपटून टाकावासा वाटतो. खड्डा म्हटले, तर तो बुजवावा असे सुचते.

माझे माहेर लोधीखेडा. सौंसरजवळचे, संत्र्यांच्या मुलखातले. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आले. १९५६ च्या राज्यरचनेत नागपूर तिकडे गेले आणि आमचे गाव मध्यप्रदेशातच राहिले. शाळेत हिंदी, घरात मराठी. तुमच्या घरी जसे कानडी-मराठी, तसेच. दुखणे आले की मात्र आजही लोक नागपूरचीच वाट धरतात.

गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या पुढच्या दोन दातांमध्ये काळी फट दिसू लागली. वय एकोणीस. पोरगी तोंडावर हात धरून हसायची, मग हसणेच बंद झाले. शेजारणीने सल्ला दिला, "काढून टाका, खोटा बसवा." वहिनी मला फोनवर म्हणाली, "ताई, पुढचा दात हाय. काढला तं पोरीचं कसं होईन?" मी म्हटले, आधी नागपूरला दाखवा, काढायला काय, कधीही काढता येतो. मीही सोबत गेले.

एक्स-रे काढला. कीड नसेपर्यंत पोचली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आधी दातांच्या रंगाच्या पट्ट्या लावून भाचीच्या दाताशी जुळणारी छटा निवडली. दात कोरडा पडला की पांढुरका दिसतो, म्हणून रंग आधीच बघायचा. मग किडलेला भाग काढला, आम्लाचे जेल काही सेकंद लावून धुतले, चिकटद्रव लावला आणि मऊ मसाला थराथराने भरला. प्रत्येक थरावर निळा प्रकाश धरला की तो कडक होई. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंचवटे घासले, पॉलिश केले. तासाभरात काम झाले. आरसा दिल्यावर पोरीने आधी ओठ मिटले, मग हळूच उघडले.

आपण याला सरसकट 'सिमेंट' म्हणतो. डॉक्टर म्हणतात कॉम्पोझिट. आम्लाने कवच खरखरीत केले तर मसाला घट्ट धरतो, हे मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले. राफेल बोवेन यांनी १९६२ मध्ये त्यासाठीचे राळेसारखे रसायन शोधले, त्यात काचेची बारीक पूड मिसळतात. दुसरा प्रकार ग्लास आयोनोमर, म्हणजे खरेखुरे सिमेंट. ते तितके मजबूत नाही, पण फ्लोराइड सोडते. मुलांच्या दातांना आणि मिशरी घासून हिरडीजवळ झिजलेल्या दातांना ते उपयोगी पडते.

मग पूर्वीची चांदी? तिच्यात जवळपास निम्मा पारा असतो. दाढेत ती टिकते चांगली, पण पाऱ्याच्या प्रदूषणामुळे तिचा वापर २०३४ पर्यंत जगभर थांबवायचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत ठरले आहे. तुमच्या दाढेत जुनी चांदी नीट बसलेली असेल, तर घाबरून ती काढू नका. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते, चांगला दातही खरवडला जातो.

रंगाच्या मसाल्याचेही नखरे आहेत. भरताना थुंकीचा थेंब लागला तरी पकड सैल होते. कडक होताना तो किंचित आकसतो. चहा, हळद, तंबाखूने कडेला डाग पडतात. भरलेल्या दाताला पुन्हा कीड लागू शकते, म्हणून रात्री फ्लोराइडच्या पेस्टने घासणे सुटत नाही. आणि रात्री ठणका लागत असेल, गरम घेतल्यावर कळ बराच वेळ राहत असेल, तर कीड नसेपर्यंत गेल्याची शंका धरावी. तेव्हा नुसते भरून भागत नाही, रूट कॅनॉल लागू शकतो. खर्चही वाढतो, फेऱ्याही.

म्हणून ठणक्याची वाट पाहू नका. खासगी खर्च झेपत नसेल, तर तिकडे नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे, आपल्याकडे बेळगाव, धारवाडला दंत महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. वेळ लागतो, पण काम होते.

आणि घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल, तर आज त्याला उजेडात "आ" करायला सांगा. दुधाच्या दातांच्या मागे, काही न पडता, एक नवी दाढ उगवलेली दिसेल. ती दुधाची नाही, जन्मभराची आहे. पुष्कळ घरी "पडेलच की" म्हणून तीच आधी किडू दिली जाते. तिच्यावर काळा ठिपका दिसला, तर या आठवड्यातच दाखवून घ्या.