माफीचे शुल्क आणि अर्जदाराची ऐपत

कॅनडात फौजदारी नोंदींविषयीच्या १९७० च्या कायद्यानुसार दिली जाणारी माफी ही भारतात राष्ट्रपतींकडे केल्या जाणाऱ्या दयेच्या अर्जाहून वेगळी आहे. शिक्षा पूर्ण भोगून, दंड भरून आणि त्यानंतरची ठरावीक वर्षे निष्कलंक काढून दाखवणाऱ्या व्यक्तीच्या दोषसिद्धीची नोंद तेथे इतर नोंदींपासून अलग ठेवली जाते, त्यामुळे नोकरीपूर्वीच्या चारित्र्य पडताळणीत ती सहसा दिसत नाही. या अर्जाचे शुल्क डिसेंबर २०१० मध्ये ५० डॉलरवरून १५० आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये एकदम ६३१ डॉलर करण्यात आले. अर्ज तपासण्याचा भार करदात्यावर न टाकता लाभार्थ्यानेच तो सोसावा, या खर्चवसुलीच्या तत्त्वाचा आधार तत्कालीन हार्पर सरकारने घेतला. तरुण खेळाडूंच्या लैंगिक शोषणाबद्दल दोषी ठरलेल्या एका हॉकी प्रशिक्षकाला माफी मिळाल्याचे २०१० मध्ये उघड होऊन लोकक्षोभ उसळला होता, आणि तो रास्तच होता. परंतु त्यावरचा उपाय पात्रतेचे निकष कठोर करणे हा होता, कारण शुल्काने अर्जदाराची ऐपत कळते, वर्तन कळत नाही.

खर्चवसुलीच्या या तत्त्वाने पारपत्राचा खर्च प्रवाशाकडून घेणे समजण्याजोगे आहे, कारण प्रवास त्याचा असतो. माफीचा लाभ मात्र अर्जदारापाशी थांबत नाही. नोंदीमुळे काम मिळत नाही, काम नसल्याने शुल्क भरता येत नाही आणि शुल्क न भरल्याने नोंद तशीच राहते, या फेऱ्यात अडकलेला माणूस कर भरू शकत नाही व कुटुंबही पोसू शकत नाही, आणि त्याचा खर्च अखेर त्याच करदात्यावर पडतो. शिवाय दिलेल्या माफींपैकी सुमारे ९५ टक्के अबाधित राहिल्याचे हे अर्ज निकाली काढणारे खुद्द पॅरोल मंडळ सांगत आले आहे, म्हणजे पुन्हा गुन्हा घडल्याने माफी रद्द करण्याची वेळ क्वचितच येते. इतकी यशस्वी व्यवस्था गरिबांना महाग करणे हे दुष्ट धोरण होते.

२०१२ मध्येच झालेल्या एका कायद्याने माफीला ‘नोंदीचे निलंबन’ असे नाव दिले आणि प्रतीक्षेचा काळ किरकोळ गुन्ह्यांसाठी तीनवरून पाच, तर गंभीर गुन्ह्यांसाठी पाचवरून दहा वर्षे केला. पुढे ६५७.७७ डॉलरपर्यंत चढलेले शुल्क जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा ५० डॉलरवर आले, हे स्वागतार्हच. पण बोटांचे ठसे, न्यायालयीन कागदपत्रे आणि स्थानिक पोलिसांची पडताळणी यांचा खर्च अजूनही अर्जदारावरच आहे. तो किती आडवा येतो हे गांजा जवळ बाळगल्याच्या जुन्या दोषसिद्धींबाबत दिसले: ऑगस्ट २०१९ पासून त्यांच्यासाठी शुल्क आणि प्रतीक्षा दोन्ही माफ झाली, तरी कागदपत्रे जमवण्याची अट राहिल्याने अर्ज अपेक्षेपेक्षा फारच थोडे आले. ही कागदपत्रे पोलीस आणि न्यायालये यांच्याच दप्तरांत असल्याने ती मंडळाने स्वतः मागवून घ्यावीत, आणि त्यासाठी अर्जदाराकडून एक डॉलरही घेऊ नये.