प्रोबेशन दोघांचं असतं

भाच्यानं सातव्या आठवड्यात राजीनामा दिला आणि विरारच्या घरी साखरपुडा मोडल्यासारखी कळा पसरली. वालीवच्या एका गाळ्यात अकाउंट्सची नोकरी. मुलाखतीत वेळ सांगितली नऊ ते सहा. प्रत्यक्षात रात्री साडेआठला तो वसई स्टेशनच्या शेअर रिक्षाची वाट बघत उभा. भावजींचा आक्षेप एकच, "सहा महिने तरी काढायचे होतेस. प्रोबेशनमध्येच पळाला म्हणतील."

'पळाला' हाच शब्द मला खटकतो. साहेबांनी तर त्यावर कडी केली. म्हणे, 'फरार दाखवू.' फरार होतो तो आरोपी. यानं शेवटचा दिवस लिहून मेल केला होता, व्हाउचरच्या फायली आणि टॅलीचा पासवर्ड शेजारच्याच्या हाती दिला होता.

प्रोबेशन म्हणजे पारख. मग ती एकाच बाजूनं का? 1946 च्या कायद्याखालचे केंद्राचे नमुना स्थायी आदेश सांगत आले, प्रोबेशनरला काढताना नोटीस नाही की तिच्या बदल्यात पगार नाही. मालकानं काढलं की 'जमला नाही', पोरानं सोडलं की निष्ठा नाही! पाचूबंदरची कोळीण गिऱ्हाइकाला माशाचा कल्ला उघडून बघू देते. न घेता पुढे गेलात तर चार शब्द सुनावेल, पण तुमची पिशवी ठेवून घेत नाही.

इथे पिशवीच ठेवून घेतली होती. 'पडताळणीसाठी' घेतलेल्या दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका साहेबांच्या कपाटात.

मुदतीआधी सोडलं तर पैसे भर, असा बाँड लिहून घेणारे मालक हल्ली सर्वोच्च न्यायालयाचा मे 2025 चा निकाल पुढे करतात. विजया बँक तीन वर्षांच्या आत सोडणाऱ्या अधिकाऱ्यानं दोन लाख भरावेत, ही अट न्यायालयानं वैध ठरवली. निकाल मला पटतो. पण ती सरकारी बँक. माणूस गेला की खुल्या भरतीचा सगळा खर्चिक खटाटोप पुन्हा, हे न्यायालयानं पाहिलं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईच देतं. करारातला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. जिथे प्रशिक्षण म्हणजे 'त्याच्या बाजूला बसून बघ', तिथे भरपाई कशाची?

भावजींचं एक मात्र खरं. फोन बंद करून गायब होणारी पोरंही असतात, त्यांची वकिली मी करणार नाही. नेमणूकपत्रात सात दिवसांची नोटीस असेल तर ते सात दिवस भरावेत, नावडत्या कामाचेही. पुढच्या मुलाखतीत हे सात आठवडे लपवू नयेत. वेळेचं खरं कारण सांगून टाकावं.

आणि हक्काचं मागावं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा देणाऱ्याचाही पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. भाच्याला तेवढंच लिहून, गुणपत्रिकांची मागणी जोडून मेल करायला लावलं. चौथ्या दिवशी फोन आला, "येऊन घेऊन जा."

पगार मिळाला. गुणपत्रिकाही मिळाल्या. फाइलला लावण्यासाठी त्यांच्या डाव्या कडेला पंचिंगची दोन भोकं पाडली होती. दहावीच्या बैठक क्रमांकाचा पहिला आकडा त्यात गेला होता.