कॅराबिनरवरचा कोणता आकडा पाहावा?

सुट्टीतील साहसशिबिरांत शाळकरी मुलेमुलीही आता सह्याद्रीच्या कातळांवर प्रस्तरारोहण शिकतात. चढणाऱ्याचा दोर त्याचा जोडीदार सांभाळतो, त्याला 'बिले देणे' म्हणतात. दोर रोखणारे उपकरण जोडीदाराच्या हार्नेसला जोडणारी धातूची कडी म्हणजे कॅराबिनर. तिला उघडझाप करणारे फाटक असते, आणि बिलेच्या कडीत त्या फाटकाला कुलूपही असते. कडी निवडताना बहुतेकांची नजर तिच्यावरील सर्वांत मोठ्या आकड्यावर जाते. माझ्या मते लहान आकडे अधिक महत्त्वाचे आहेत.

कडीच्या पाठीवर तीन आकडे कोरलेले असतात. बिलेसाठीच्या नासपतीच्या आकाराच्या कडीला युरोपीय मानकानुसार किमान एवढे बल पेलावे लागते: फाटक बंद असताना लांबीच्या दिशेने २० किलोन्यूटन, आडव्या दिशेने ७, आणि फाटक उघडे असताना केवळ ६. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन.

हा एवढा फरक का पडतो? फाटक बंद असले की कडीच्या दोन्ही बाजू भार वाटून घेतात. ते उघडले की कडीचा नुसता हूक होतो. मग सारा भार एका पाठीवर येतो आणि तो तिला वाकवून सरळ करू पाहतो. कडी आडवी फिरली तर भार थेट फाटकावर व त्याच्या बिजागरीवर येतो, आणि तोच तिचा सर्वांत नाजूक भाग.

आता दुसरी बाजू पाहू. एकेरी गतिक दोराच्या प्रमाणित चाचणीत ८० किलोग्रॅमचे वजन पाडतात. पहिल्या झटक्याचे बल १२ किलोन्यूटनपेक्षा जास्त असता कामा नये. नेहमीच्या पडण्यात झटका पुष्कळच कमी असतो. तरी २० आणि ६ यांच्या मध्ये हा १२ येतो, हे विसरू नये. कुलूप लागले आहे की नाही, यावर सगळी सुरक्षितता अवलंबून असते.

म्हणून शिकणाऱ्यांसाठी मी नासपती आकाराची, साध्या फिरकीच्या कुलपाची कडी सुचवीन. तिच्यात उपकरणाला ऐसपैस जागा मिळते. आतल्या बाजूला कडी फिरू न देणारी लहान तार असल्यास उत्तमच. आपोआप लागणारे कुलूप सोयीचे खरे, पण मातीवाळूने तेही अडकते. कुलूप कोणतेही असो, दर वेळी फाटक बोटाने दाबून पाहिलेच पाहिजे. फिरकी दोराच्या घासण्याने सैल होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

आकडे नसलेली, हार्डवेअरच्या दुकानातील कडी मात्र बिलेला कधीही वापरू नये. शिक्षकांनी मुलांना शिबिराला नेण्यापूर्वी आयोजकांकडील कड्या हातात घेऊन पाहाव्यात. त्यावरचे आकडे आणि मानकाची खूण मुलांना स्वतः वाचायला लावावी. चढणाऱ्याने आणि बिले देणाऱ्याने एकमेकांचे कुलूप तपासल्याशिवाय कातळाला हात लावू नये.