गोटमार थांबत नाही, म्हणून राँग साइडही थांबणार नाही का?

आमच्या सावरगावात वाहतुकीच्या दंडाचा विषय निघाला की कोणीतरी गोटमारीचं उदाहरण देतंच. "गोळीबारानं गोटमार नाही थांबली, मंग चलानानं काय होऊन राहिलं?" एवढं म्हटलं की वाद संपला, असा गावचा समज आहे. मला मात्र हे उदाहरण चुकीच्या जागी वापरलं जातं असं वाटतं. का, ते सांगतो.

ज्यांना गोटमार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून लोक एकमेकांवर दगड मारतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीत अडकले, दोन्हीकडून दगड सुरू झाले, अशी दंतकथा त्यामागे सांगतात. दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर कित्येकांचा जीवही गेला आहे. प्रशासनानं जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. 1978 आणि 1987 मध्ये तर पोलिसांनी गोळीबार केला. गोटमार सुरूच आहे.

आता रस्त्याकडे या. नागपूर-बैतूल महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 47, पांढुर्ण्याजवळून जातो. चौपदरी झाल्यापासून नागपूर दोन तासांवर आलं. आपल्या कॉलेजात आमच्या भागातली जी मुलं आहेत ती याच रस्त्यानं शनिवार-रविवारी घरी जातात. बरीचशी मोटरसायकलवर. या रस्त्यावर रोज दिसणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, डिव्हायडरचा कट लांब आहे म्हणून राँग साइडनं येणारी वाहनं: मोटरसायकल, ऑटो, संत्र्यानं भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली. दुसरी, उजव्या लेनमध्ये संथपणे चाललेला ट्रक आणि त्याला डावीकडून ओव्हरटेक करणाऱ्या कार. नियम साधा आहे. चालायचं डाव्या लेननं, उजवी लेन पुढे काढण्यापुरती, पुढे काढलं की परत डावीकडे. लायसन्सच्या परीक्षेत सगळे याचं बरोबर उत्तर देतात.

गावकरी म्हणतात, गोटमार आणि राँग साइड एकच. आपल्या लोकांना शिस्तच नाही. मला या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं. गोटमारीत उतरणारा माणूस आपल्या काठासाठी उतरतो. त्यात चंडी मातेवरची श्रद्धा आहे, आजोबा-पणजोबांचं नाव आहे, न उतरलं तर मित्रांत मान खाली जाईल ही भीती आहे. त्याला तुम्ही दंड केलात तर तो दंड अभिमानानं मिरवील. राँग साइडनं जाणाऱ्याला मात्र फक्त दहा मिनिटं आणि थोडं पेट्रोल वाचवायचं असतं. राँग साइडसाठी कोणी नवस बोललेला नाही. जी गोष्ट माणूस मानापानासाठी करतो ती पैशाच्या धाकानं सुटत नाही. जी तो निव्वळ सोयीसाठी करतो ती सोय महाग झाली की सुटू शकते. म्हणून लेनच्या बाबतीत दंडाचा उपयोग होऊ शकतो, असं माझं मत आहे.

शिस्तीबद्दलही एक गोष्ट. नदीतलं झाड तुटलं, झेंडा हाती आला की दगड थांबतात. दोन्ही गावं मिळून चंडी मातेच्या देवळात पूजा करतात. शिट्टी वाजवायला तिथे कोणी पंच नसतो. दिवसभर एकमेकांची डोकी फोडणारी माणसं एका खुणेवर हात खाली घेतात, कारण पुढचाही थांबेल याची प्रत्येकाला खात्री असते. तेव्हा "आपल्या रक्तातच शिस्त नाही" हे म्हणणं निदान सावरगावकरानं तरी करू नये. रस्त्यावर आपल्याला तीच खात्री नसते. मी लेन पाळली तर माझाच वेळ जाईल, बाकीचे घुसतीलच, असं प्रत्येक जण धरून चालतो.

मग आजवरच्या दंडानं फरक का पडला नाही? आपल्याकडे उपाय म्हणून रक्कम वाढवली जाते. 1 सप्टेंबर 2019 पासून केंद्राच्या सुधारित मोटार वाहन कायद्यानं हेल्मेटचा दंड 100 रुपयांवरून 1000 वर नेला, विनालायसन्स गाडी चालवण्याचा 500 वरून 5000 वर. लोक चिडले आणि राज्य सरकारं बिचकली. मध्य प्रदेशानं वाढीव दंड लगेच लागू केले नाहीत. महाराष्ट्रात ते डिसेंबर 2021 मध्ये आले. म्हणजे आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसाला एकाच रस्त्यावर, एकाच चुकीला, राज्याप्रमाणे वेगळा भाव! त्यातून लोक काय शिकले? दंड हा घासाघीस करण्याचा विषय आहे, एवढंच.

इटलीच्या बेकारियानं 1764 मध्येच लिहून ठेवलं आहे की गुन्हा रोखायचा तर शिक्षा क्रूर असण्यापेक्षा ती चुकवता न येणं महत्त्वाचं. आपल्याकडे उलटं आहे. रक्कम मोठी आणि पकडलं जाण्याची शक्यता लॉटरीसारखी. पाच हजारांचा दंड पाच वर्षांतून एकदा झाला तर माणूस त्याला नशीब म्हणतो. दोनशेचा दंड दर खेपेला झाला तर तो आठवड्याभरात पुढच्या कटपर्यंत जाऊन वळायला लागेल.

दंडाच्या विरोधात एक खरा मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या पाळणाघरांत एक प्रयोग झाला होता. ग्नीझी आणि रुस्टिचिनी या अर्थतज्ज्ञांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना छोटा दंड ठेवला, तर उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाले! आधी पालकांना बाईंसमोर ओशाळं वाटायचं. पैसे भरल्यावर वाटेनासं झालं. दंड म्हणजे त्यांना जास्त वेळेचं भाडं वाटलं. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. आपल्याकडेही "एकदा पावती फाडली की दिवसभर मोकळे" असा समज ऐकू येतोच. म्हणून छोटा दंड एकट्यानं पुरणार नाही. वारंवार तीच चूक करणाऱ्याचं लायसन्स काही महिने थांबलं पाहिजे. पैसे भरून सुटता येत नाही अशी एक पायरी शेवटी हवीच.

आणि दंडाच्याही आधी रस्ता. ट्रक उजवीकडून का चालतो, हे एखाद्या ड्रायव्हरला विचारून बघा. तो सांगेल, डाव्या बाजूला उभी वाहनं असतात, गुरं येतात, रात्री दिव्याविना चाललेली ट्रॉली अचानक पुढ्यात येते. त्याच्या मते उजवी लेन सुरक्षित आहे, आणि त्यात तथ्य आहे. राँग साइडनं येणाऱ्या शेतकऱ्याचंही तसंच. शेत रस्त्याच्या एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला आणि कट कुठेतरी लांब. सर्व्हिस रोड असला तर तोही मध्येच संपतो. रस्ता आखणाऱ्यानं त्याचा विचार केला नाही आणि पावती मात्र त्याच्या नावानं फाटते. असा दंड लोकांना अन्याय वाटतो, आणि ज्यांना दंड अन्याय वाटतो ते पोलीस दिसेपर्यंतच नियम पाळतात.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. 2016 साली त्या रस्त्यावर दीडशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर धोक्याच्या जागा शोधून कठडे बसवले, उभ्या वाहनांवर लक्ष ठेवलं, मदत लवकर पोहोचेल असं पाहिलं, तपासणीही वाढवली. 2019 पासून मृत्यूंचा आकडा शंभराच्या खाली आला. लेन तोडणाऱ्यांना टिपणारे कॅमेरे सुरू झाले ते त्यानंतर, 2024 मध्ये. कॅमेऱ्यांनी लाखो चलानं काढली, पण त्यातली मोठी रक्कम वसूलच झालेली नाही. म्हणजे रस्ता सुधारल्याचा गुण दिसला. कॅमेऱ्यानं पकडलं जाण्याची खात्री दिली, पण भरावं लागण्याची खात्री अजून आलेली नाही. एवढ्या मोठ्या, चहूबाजूंनी कुंपण घातलेल्या रस्त्यावर हे हाल, तर आमच्या महामार्गावर नुसता कॅमेरा लावून काय होणार?

हे सगळं कॉलेजच्या अंकात कशाला, असं कोणी विचारील. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यातली दोन तृतीयांश 18 ते 45 वयाची. मेलेल्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा, शंभरात 44 च्या वर. दुचाकी, तरुण वय, चौपदरी रस्ता: हे वर्णन या अंकाच्या निम्म्या वाचकांचं आहे. गोटमारीत जखमी झालेल्यांची संख्या दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर येते. राँग साइडनं गेलेला पोरगा आतल्या पानावर चार ओळींत संपतो.

माझं म्हणणं म्हणून एवढंच आहे. आधी कट, सर्व्हिस रोड आणि ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर यांची सोय करा. मग दंड लावा. लहान लावा, पण तो आमदाराच्या गाडीलाही लागू दे आणि ऑटोवाल्यालाही, दर वेळी. तरीही न ऐकणाऱ्याचं लायसन्स थांबवा. आणि आपण काय करायचं? घरी जाताना आपल्या गावाजवळचा कट किती लांब आहे ते गाडीच्या मीटरवर मोजा, रात्री महामार्गावर बिनदिव्याची उभी गाडी दिसली तर 1033 वर फोन करा. मागे बसला असाल आणि चालवणारा राँग साइडला वळवू लागला तर खाली उतरा. त्याला ओशाळं वाटेल. वाटू द्या, हैफाच्या पालकांनाही तोवरच वाटत होतं, जोवर पैसे देऊन सुटता येत नव्हतं.