घरच्या बिअरचं सामान आणि कोपऱ्यावरचं दुकान

जर्मनीत घरी स्वतःपुरती बिअर करता येते, विकता मात्र येत नाही. करमुक्त मर्यादा वर्षाला २०० लिटर होती, १ जानेवारी २०२४ पासून ती ५०० लिटर झाली. आता माल्ट, हॉप्स, यीस्ट विकणाऱ्या छोट्या दुकानांना बरे दिवस येणार, असं आम्हालाही वाटलं होतं.

पण इथे स्वस्तातली अर्ध्या लिटरची बाटली एका युरोच्या आत मिळते. पैसे वाचवायला घरी बिअर कोण करणार? गिऱ्हाईक फक्त हौशी, म्हणजे मोजकं. भांडं, थर्मामीटर एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं. रोजचा धंदा उरतो तो नाशवंत मालाचा: यीस्ट आणि हॉप्स थंड ठेवायचे, भरडलेलं माल्ट लवकर शिळं होतं. २५ किलोचं पोतं पार्सलने पाठवलं तर नफा भाड्यातच जातो. शिवाय २०१९ पासून पार्सलच्या खोक्यांसाठीही सरकारी नोंदणी आणि कचरा-संकलनाचे पैसे. मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याला हे किरकोळ, एकट्या मालकाला डोकेदुखी.

सल्ला मात्र त्याच्याकडे फुकट! बिअर आंबली का नाही, हे त्याला अर्धा तास विचारायचं आणि माल नेटवरून मागवायचा. आमच्यातलेही काही हेच करतात. आणि पोहे-कोकमाच्या बाबतीत तर आपण सगळेच.